लिफ्ट केलेली जिप्सी ६० च्या पुढे थरथरते, बॅलन्सिंग झालं, क्रॉस बदलले, आता काय बघू?

सुदामानगर_जिप्सी (इंदूर)

नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिप्सी एमजी४१३डब्ल्यू, एमपीएफआय, सॉफ्ट टॉप. मागच्या दिवाळीनंतर लिफ्ट करून घेतली. मागेपुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला टांगणाऱ्या पट्ट्या) टाकलेत आणि कमानवाल्याकडून पाट्यांना (लीफ स्प्रिंगला) जास्तीची कमान मारून घेतली, सगळं मिळून तीन इंचाच्या आसपास उचलली गेली असेल. टायर २०५/७० आर१५ होते ते काढून २३५/७५ आर१५ टाकले. दिसते एकदम झकास, चोरलच्या बाजूला नाल्यात घालायला मजा येते, पण डांबरावर आली की रडगाणं सुरू.

होतं काय की मीटरवर ६० पर्यंत सगळं ठीक, ६०-६५ ला खालून घूं घूं आवाज चालू होतो आणि सीट, फ्लोअर, गिअरचा दांडा सगळं बारीक थरथरायला लागतं, स्टिअरिंग मात्र तेवढं नाही, ते नुसतं जरा मोकळं मोकळं वाटतं, सरळ रस्त्यावर धरून ठेवावं लागतं. ७५ ला सगळ्यात वाईट. आणि ॲक्सिलरेटर दाबलेला असला, म्हणजे खंडवा रोडला भेरूघाट चढताना वगैरे, की जास्त, पाय उचलला की बराच कमी होतो पण पूर्ण जात नाही. पहिल्या गिअरला क्लच सोडताना खाली कुठेतरी टक् असा पण आवाज येतो.

आतापर्यंत काय केलं तर चारी चाकांचं बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि मागच्या जॉइंट शाफ्टचे (मागच्या एक्सलला फिरवणारी नळी) दोन्ही क्रॉस (टोकांचे वळणारे जोड) नवीन. क्रॉस बदलणारा म्हणाला लिफ्ट केली की एवढं होतंच, सवय करून घ्या. ज्याने लिफ्ट केली त्याने मागच्या एक्सलला पाचरीपण टाकल्यात, पिनियनचं (एक्सलवर शाफ्ट जिथे जोडतो ते टोक) तोंड वर करून दिलं आता व्हायब्रेशनचं टेन्शन नाही असं सांगून. आईने तर बसणंच सोडलं, म्हणते यापेक्षा जुना टेम्पो बरा होता.

आता एक जण म्हणतो डबल क्रॉसवाला (वरच्या टोकाला दोन क्रॉस असलेला) शाफ्ट बनवून घ्या. खर्च बराच आहे. त्याच्या आधी काय काय बघून घेऊ?


राऊ_सर्कल (इंदूर)

भिया आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. चोरलला जाऊन आलात म्हणताय, आपली काळी माती रिमच्या आत बसली आणि वाळली की प्रेशर वॉशरने पण निघत नाही, खरवडावी लागते. माझ्या थारला हेच झालं होतं, ८० ला स्टिअरिंग नाचायचं, बॅलन्सिंगवाला वजनं लावत बसला आणि खरी भानगड आत चिकटलेल्या चिखलाची. आणि परत एकदा बॅलन्सिंग करून घ्या, दुसरीकडे.


वर्कशॉप_काका (महू)

राऊवाले, तुमचं खोटं नाही, पावसाळ्यात आपल्याकडे निम्म्या गाड्यांचं तेच असतं. पण यांचं लक्षण चाकाचं नाही. जरा हिशोब करून बघू.

२३५/७५ आर१५ चा व्यास ७३३ मिमीच्या आसपास, म्हणजे घेर २.३ मीटर. ६० च्या स्पीडला गाडी मिनिटाला बरोब्बर एक किलोमीटर जाते, म्हणजे चाकाचे मिनिटाला ४३४ फेरे, सेकंदाला सातच्या थोडं वर. सेकंदाला सात हेलकावे म्हणजे ते डोळ्याला दिसतं, स्टिअरिंग हातात नाचतं, आरसा हलतो. जॉइंट शाफ्ट डिफ्रन्शियलच्या रेशोने जास्त फिरतो, रेशो चार धरा (दोन्ही मागची चाकं उचलून एक एक फेरा फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा, तुमचा खरा रेशो कळेल), तर शाफ्ट सेकंदाला २९ फेरे. आणि क्रॉस तिरका चालत असला की एका फेऱ्यात दोनदा झटका देतो, म्हणजे सेकंदाला ५८. एवढ्या वेगात ते हलणं राहत नाही, त्याची घुमघुम होते. तुम्ही घूं घूं लिहिलंत ना, तिथेच निम्मं कळलं. सीटला आणि फ्लोअरला लागतं, स्टिअरिंगला नाही, म्हणजे बहुतेक मागचा किंवा मधला शाफ्ट.

बाय द वे तुमचं मीटर कमी दाखवतंय. टायर जवळजवळ १० टक्के मोठा झाला आणि जिप्सीच्या मीटरची केबल ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणारी पेटी) येते, तिला बिचारीला टायर बदललेला कळत नाही. मीटरवर ६५ म्हणजे खरे ७१.

आता पैसे न घालता करायच्या गोष्टी. रविवारी सकाळी पिथमपूरच्या सेक्टरमधला एखादा रिकामा सरळ रस्ता धरा (तिथल्या नॅट्रॅक्सचा, म्हणजे गाड्या तपासायच्या केंद्राचा, ११.३ किमीचा ट्रॅक आपल्याला कोण देतंय), थरथर येते त्या स्पीडला जा आणि क्लच दाबून गाडी न्यूट्रलला काढा, इंजिन आयडलवर येऊ द्या. चावी बंद करायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. थरथर तशीच राहिली तर इंजिन-क्लच सुटले. मग त्याच स्पीडला वेगवेगळ्या गिअरमध्ये बघा, गिअर बदलून थरथरीचा स्पीड बदलत नसेल तर गिअरबॉक्सच्या अलीकडचं नाही, पलीकडचं आहे.

मग पुढचा शाफ्ट. फ्री व्हील हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडवणारं लॉक) असतील तर अनलॉक करा, म्हणजे टू-हायमध्ये (जोर नुसता मागच्या चाकांना) पुढचा शाफ्ट फिरणारच नाही. हब फिक्स असतील तर तो शाफ्ट टू-हायमध्ये पण चाकांबरोबर फुकट फिरत असतो, काढूनच टाका, दोन्हीकडे चार चार बोल्ट. काढण्याआधी फ्लँज आणि शाफ्ट दोघांवर पेंटची खूण करा, परत तसाच बसला पाहिजे. काही फरक नाही पडला तर पुढचा लावा, हब असतील तर परत लॉक करा, मागचा काढा आणि फोर-हाय (जोर चारी चाकांना) टाकून नुसत्या पुढच्या चाकांवर हळू चालवून बघा. मागचा शाफ्टच नाही त्यामुळे डांबरावर फोर-हाय टाकलं तरी वाइंड-अपची (पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना पिळण्याची) भीती नाही. मागचा काढल्यावर घुमघुम पूर्ण गेली तर चोर सापडला.

एकच सांगतो, चाकांना ओट (अडवायला दगड-ठोकळा) लावल्याशिवाय खाली जायचं नाही. ट्रान्सफरचा दांडा न्यूट्रलला राहिला असेल तर गिअरमध्ये टाकलेली गाडी पण घरंगळते. आणि हे वाचून कोणी जुन्या विलीज टाइप जीपवर करणार असेल तर त्यात हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे असतो, मागचा शाफ्ट सुटला की हँडब्रेकचा मागच्या चाकांशी संबंध संपला.

क्रॉस बदलताना शाफ्ट स्प्लाइनमधून वेगळा केला होता का? केला असेल तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबोटी कान) एका रेषेत बसलेत का ते बघा. एक दोन दाते जरी चुकले तरी नवीन क्रॉस टाकूनही गाडी बोंबलणार. आणि ट्रान्सफर केसचे तीन रबर माउंट. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, चॅसिसला वेगळी टांगलेली असते, एक माउंट फाटलं की जोर लावताना पूर्ण केस पिळते. तुमचा तो टक् तिथला असू शकतो.


बडोदा_फोरबायफोर (वडोदरा)

काकांनी सगळं सांगितलंच आहे, पण मला त्या पाचरीवर संशय आहे. पिनियनचं तोंड वर करून दिलं म्हणजे नक्की कशासाठी वर केलं? शाफ्ट साधा आहे ना, दोन्ही टोकांना एक एक क्रॉस?

कारण हा घोळ मी इकडे पण बघितलाय. बाहेरचे व्हिडिओ बघून लोक पिनियनची नजर ट्रान्सफर केसकडे लावतात. ते डबल क्रॉसवाल्या शाफ्टला बरोबर आहे, त्यात वरचा (ट्रान्सफर केसकडचा) जोड आपलं आपण सांभाळून घेतो आणि खालचा क्रॉस जवळजवळ सरळ पाहिजे. साध्या शाफ्टला उलट नियम. तिथे वरचा क्रॉस जे काही वाकडं करतो ते खालच्या क्रॉसने सरळ करायचं असतं आणि ते तेव्हाच होतं जेव्हा दोघांचा कोन सारखा असतो. म्हणजे ट्रान्सफर केसच्या आउटपुटचा आणि पिनियनचा उतार एकमेकांना समांतर, मधला शाफ्ट कितीही तिरका असू दे. पिनियन वर बघायला लावलं तर खालच्या क्रॉसचा कोन कमी झाला, वरच्याचा तसाच, मग वरच्याचा झटका कोण मिटवणार?

कोन वाढला की किती फरक पडतो तेही सांगतो, म्हणजे लिफ्टचा लोभ जरा कमी होईल. एका क्रॉसमधून ५ अंशात शाफ्ट गेला तर पलीकडचा स्पीड एका फेऱ्यात ०.४ टक्के वरखाली होतो, १० अंशाला दीड टक्का, २० अंशाला ६ टक्के. म्हणजे कोन दुप्पट केला की त्रास चौपट. आणि जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी, त्यात ट्रान्सफर केस मध्ये टांगलेली, मागचा शाफ्ट असतो केवढासा, तीन इंच उचललं की सहा अंश असेच वाढतात.

तुम्ही तीन मापं घ्या आणि इथे टाका. गाडी सपाट फरशीवर, चाकं जमिनीवर, टाकीत पेट्रोल वगैरे नेहमीसारखं. जॅकवर एक्सल लटकवून घेतलेलं माप कचऱ्यात टाका. फोनमधलं अँगलचं ॲप चालेल, पण फोन कव्हरमधून काढून, नाहीतर सुताराकडचं कोनमापक आणि ओळंबा. एक ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजच्या सपाट तोंडावर, दोन शाफ्टच्या नळीवर, तीन पिनियनच्या फ्लँजवर. फ्लँज उभी असते, ती उभ्यापासून जेवढी कलली तेवढाच शाफ्टचा आडव्यापासून उतार. आणि पाचरीची जाडी दोन्ही टोकांना मोजा.

फोनवर व्हायब्रेशनची ॲप येतात ती पण लोक सुचवतील, पण त्यात एक मेख आहे, फोनचा सेन्सर सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर ५० च्या वरची थरथर त्याला खरी दिसतच नाही, आणि काकांचा आकडा ५८ आहे. चाकाची थरथर पकडायला ठीक.


ग्वाल्हेर_एमएम (ग्वाल्हेर)

एवढं गणित कशाला करता राव. माझ्याकडे महिंद्रा एमएम ५४० आहे, लिफ्टनंतर हेच झालं होतं, क्रॉसमेंबरखाली स्पेसर टाकून गिअरबॉक्स-ट्रान्सफर खाली घेतली, वरचा कोन कमी झाला, विषय संपला. स्पेसर कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतो.

बाकी मोटार व्हेइकल ॲक्टचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सगळ्यांना माहीत आहेच असं धरतो :) गाडीचं मूळ स्पेसिफिकेशन बदललं तर आरटीओ विचारणार. मी काही बोललो नाही.


वर्कशॉप_काका (महू)

ग्वाल्हेरवाले, तुमच्या एमएमला गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकच गठ्ठा आहे, मागून खाली घेतली की इंजिनसकट सगळं कलतं, फॅन श्राउडला लागत नाही ना आणि दांडे अडकत नाहीत ना एवढं बघितलं की झालं. जिप्सीत तसं करू नका. तिथे गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरच्या मध्ये एक छोटा शाफ्ट आहे, वीतभर. ट्रान्सफर खाली घेतली की मागच्या शाफ्टचा कोन कमी होईल पण या छोट्याचा वाढेल, आणि तो आखूड म्हणून एक इंचाला पण त्याचा कोन फार वाढतो. शिवाय जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये हायला पण १.४ च्या आसपास रिडक्शन आहे, म्हणजे हा छोटा शाफ्ट मागच्यापेक्षा तेवढ्या पटीने जास्त फिरतो. मागचा त्रास पुढे सरकवून वर तो वाढवून घेतला असं होईल.

कायद्याचं तुमचं बरोबर आहे, त्यात मी पडत नाही.


सुदामानगर_जिप्सी (इंदूर)

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी नीट सांगितलं नव्हतं. रविवारी भावाला घेऊन बसलो. रिम आतून स्वच्छ आहेत राऊवाले, बघितले.

न्यूट्रलला काढून थरथर राहिली, थोडी कमी झाली पण राहिली. गिअर बदलून काही फरक नाही, त्याच स्पीडला येते. हब अनलॉक केले, फरक शून्य. मग हब परत लॉक करून, ओट लावून मागचा शाफ्ट काढला आणि फोर-हायमध्ये चालवली, काका गाडी एकदम शांत, ७० पर्यंत नेली, पुढून थोडासा आवाज आहे पण ती घुमघुम नाही. आठ बोल्ट काढायला मात्र जीव गेला, एक गोल झाला होता तो छिन्नीने काढला.

योक एका रेषेत आहेत, शाफ्टवर जुनी बाणाची खूण होती ती जुळते. नळीला पोचा नाही. एक बॅलन्सचं वजन आहे, दुसरं कधी होतं का माहीत नाही, वेल्डिंगची खूण काही दिसली नाही.

मापं अशी, ट्रान्सफर केसचा आउटपुट मागे ३ अंश उतरता, शाफ्ट १४ अंश उतरता, पिनियन ९ अंश, म्हणजे पुढे वर बघतंय. क्रॉस ते क्रॉस शाफ्ट ७० सेंमीच्या आसपास. पाचर मोजली तर ३ अंशाची निघते, ॲल्युमिनियमची आहे, जाड बाजू पुढे. शॅकल जुन्यापेक्षा दोन इंच लांब.

आणि ट्रान्सफर केसचं एक माउंट फाटलेलं आहे!! पहारीने उचललं की रबर उघडं पडतं.


बडोदा_फोरबायफोर (वडोदरा)

बघा, कागदावरच दिसतंय.

वरचा क्रॉस १४ वजा ३, म्हणजे ११ अंशात चालतोय. खालचा १४ वजा ९, ५ अंशात. दोघांत सहा अंशाचा फरक, चांगल्या गाडीत हा एक अंशाच्या आत ठेवतात. दोन क्रॉस मिळून उरलेला त्रास किती ते काढायला कोनांचे वर्ग करून वजाबाकी आणि मग वर्गमूळ, १२१ वजा २५, ९६, म्हणजे ९.८. तुमची गाडी असं वागतेय की जणू मागे एकच क्रॉस आहे आणि तो पावणेदहा अंशात फिरतोय. खालचा क्रॉस असून नसल्यासारखा.

हे सहा अंश आले कुठून तेही दिसतं. तीन पाचरीचे. बाकीचे तीन शॅकलचे, जिप्सीत मागचं शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला आहे, ते दोन इंच लांब केलं की पाट्याचं मागचं टोक तेवढं खाली जातं आणि एक मीटरच्या पाट्याला दोन इंच म्हणजे जवळपास तीन अंश. पाटा मागे झुकला की पिनियन वर बघणार. म्हणजे शॅकलनेच पिनियन वर गेलं होतं आणि मिस्त्रीने पाचर टाकून अजून वर नेलं.

नुसती पाचर काढून भागणार नाही, आधीच सांगतो. पिनियन एक्सलच्या मध्यापासून पाऊण-एक फूट पुढे असतं, तीन अंश खाली केलं की त्याचं तोंड दीड सेंमी खाली येतं आणि शाफ्टचा उतार एक अंशाने वाढतो. वर १२, खाली ९, तेच गणित केलं तर उरतात ८. ९.८ चे ८, काही कळणार पण नाही तुम्हाला.

जोर लावताना का वाढतं त्याचं पण उत्तर यातच आहे. पाट्यावरचा एक्सल जोर आला की पिळतो आणि पिनियन अजून एक दोन अंश वर जातं. तुमचं आधीच वर होतं, भेरूघाटात अजून वर जातं.


वर्कशॉप_काका (महू)

वडोदरेकरांनी माझं काम हलकं केलं. आता करायचं काय ते माझं मत. ॲल्युमिनियमची पाचर काढून फेकून द्या, ती दाबाने चपटते आणि यू-बोल्ट ढिले पडतात. आणि चारही शॅकल जुन्या मापाची टाका. दोन इंचाच्या शॅकलने गाडी फक्त एक इंच उचलली जाते (पाट्याचं एकच टोक खाली जातं ना), एका इंचासाठी पिनियनची दिशा बिघडवून घेतली. बाकीचे दोन इंच कमानीचे आहेत ते राहू द्या, कमान वाढवली की एक्सल सरळ खाली जातो, फिरत नाही.

असं केलं की पिनियन परत ३ अंशावर येईल, आउटपुटला समांतर. शाफ्टचा उतार १४ च्या जवळपासच राहील, एका बाजूने गाडी इंचभर बसली ते कमी आणि पिनियनचं तोंड खाली आलं ते वाढ. दोन्हीकडे ११-११, एकमेकांना खातात.

पुढचंही करा म्हणतो ते उगाच नाही. जिप्सीत पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं, लांब केलं की एक्सलचा वरचा भाग पुढे कलतो आणि कॅस्टर (चाक आपोआप सरळ आणणारा एक्सलचा मागचा कल) कमी होतो. तुम्ही लिहिलंय स्टिअरिंग मोकळं वाटतं, सरळ धरून ठेवावं लागतं, ते हेच. अलाइनमेंटवाला टो सेट करून पैसे घेतो, जिप्सीत कॅस्टर फिरवायची सोयच नाही त्याच्याकडे.

पाचर कोणाला लागलीच तर लोखंडाची, लेथवर बनवलेली, आणि दिशा बघून. पाटा एक्सलच्या खाली असेल, कंपनीची जिप्सी असते तसा, तर जाड बाजू पुढे ठेवली की मागचं पिनियन वर जातं, मागे ठेवली की खाली. ज्यांनी पाटे एक्सलच्या वर घेतलेत त्यांना बरोबर याच्या उलट. वेल्डिंग करून बैठकच फिरवून घेणारे पण आहेत, ते पक्कं काम, पण एकदा चुकलं की कापा परत.

माउंट तीनही बदला, एक नाही. एक नवीन आणि दोन दबलेली असली की केस तिरकी बसते. यू-बोल्ट नवीन घ्या, जुने ताणलेले असतात.


ग्वाल्हेर_एमएम (ग्वाल्हेर)

मग डबल क्रॉसवाला शाफ्ट कधी लावायचा? ११ अंश दोन्हीकडे म्हणजे काय कमी आहे का काका?


वर्कशॉप_काका (महू)

कमी नाहीच. हायवेला जोरात फिरणाऱ्या शाफ्टला तीन अंशाच्या आत ठेवा असं पुस्तकं सांगतात, आणि अगदी शून्य पण नको, अर्धा-एक अंश तरी पाहिजे, नाहीतर क्रॉसच्या कपातल्या सुया फिरतच नाहीत, एकाच जागी ठोकून खड्डे पाडतात. ११-११ मध्ये पिनियनपर्यंत स्पीड एकसारखा पोचतो हे खरं पण मधली नळी स्वतः प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढेमागे होतेच, ती थांबत नाही, आणि स्पीड वाढेल तसं ते जाणवतं. म्हणून ८०-९० च्या पुढे थोडं काहीतरी राहणार. क्रॉसला ग्रीसही लवकर लवकर द्यावं लागणार.

यांना रोज एबी रोडने देवास जायचं असतं तर मीच म्हटलं असतं डबल क्रॉस करा. त्यात पिनियन वर फिरवावं लागतं, शाफ्टच्या रेषेपेक्षा एक दोन अंश खाली ठेवून, जोर आला की ते वर येऊन सरळ होतं. पण मग पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला तेल पोचतंय का ते बघा, तोंड फार वर केलं की तेल मागे साचतं. आणि त्यांचा लेथवाला तो शाफ्ट नीट बॅलन्स करून देणार आहे का? नळी कापून वेल्डिंग करणारे पालदा, सांवेर रोडला खूप मिळतील, मशीनवर फिरवून बॅलन्स करणारा शोधावा लागतो. तो नसेल तर पैसे घालून नवीन थरथर विकत घ्याल. सोळा सतराच्या पान्यात होणारं काम आधी करा.


सुदामानगर_जिप्सी (इंदूर)

अपडेट देतो. चारही शॅकल जुनी शोधून लावली (नशीब भंगारात दिली नव्हती), पाचरी काढल्या, तीनही माउंट आणि यू-बोल्ट नवीन. परत मोजलं, आउटपुट ३, शाफ्ट १४, पिनियन ४ पेक्षा जरा कमी. काकांचं आणि बडोद्याचं गणित अगदी बसलं नाही पण जवळपास बसलं.

६०-७५ ची घुमघुम गेली. म्हणजे गेलीच. भेरूघाट चढून आलो, गिअरचा दांडा शांत. टक् आवाज पण गेला, तो माउंटचाच होता वाटतं. स्टिअरिंग आता सोडलं तरी सरळ जातं. ८५ च्या पुढे अजून बारीक थरथर आहे, काका म्हणाले तशी, पण आई बसून सराफ्यापर्यंत आली काही न बोलता.

एकच झालं, इंच खाली आल्यामुळे फुल लॉकला पुढचा टायर पाट्याला घासतो थोडा. स्टिअरिंग स्टॉपरचा बोल्ट बाहेर काढला की जाईल का?


बडोदा_फोरबायफोर (वडोदरा)

मस्त! स्टॉपर बोल्ट दोन तीन आटे बाहेर काढा, लॉकनट घट्ट, वळायला जागा थोडी जास्त लागेल एवढंच. घासणं गेलं नाही तर रिमचा ऑफसेट बघावा लागेल, स्पेसर लगेच टाकू नका, व्हील बेअरिंगवर लोड येतो. ८५ च्या थरथरीसाठी एक फुकटचा प्रयोग, पिनियनच्या फ्लँजचे चार बोल्ट काढा, शाफ्ट १८० अंश फिरवून परत बसवा. थोडी असंतुलित फ्लँज आणि थोडी असंतुलित नळी एकाच बाजूला आली असेल तर फरक पडतो. वाढलं तर परत होतं तसं लावा.


वर्कशॉप_काका (महू)

आणि नवीन यू-बोल्ट दोन-तीनशे किलोमीटर झाले की परत टॉर्कवर ओढा, पाटे बसतात. सेंटर बोल्ट एक्सलच्या भोकात नीट बसलाय ना ते पण त्याच वेळी बघून घ्या. तो हुकला असेल तर एक्सल तिरका चालतो आणि परत इथे नवीन धागा काढाल.


राऊ_सर्कल (इंदूर)

भिया सराफ्याला गेला होतात तर बोलवायचं ना. माझ्या थारचे कोन पण मोजायचे आहेत, ते ॲप कुठलं?